म्हाताऱ्या कुत्र्याचे शेवटचे दुखणे

माणसांच्या दवाखान्यात खाट मिळायची मारामार, औषधाच्या एका चिठ्ठीने संसार डळमळायची वेळ. अशा काळात कुत्र्याच्या कर्करोगावर व्याख्यानमालेचा एक अख्खा तास कशाला खर्चायचा, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. तिला बगल देऊन पुढे जाणे बरे नव्हे, म्हणून तिचेच उत्तर आधी देतो.

माझे आयुष्य मोंढ्यातले हमाल, जिनिंग-प्रेसिंगचे कामगार आणि रोजंदारीवरची माणसे यांच्या संघटनेत गेले. शाळा लहानपणीच सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि अशाच सभांतून. या कामात एकच प्रश्न निरनिराळ्या वेषांत माझ्यापुढे येत राहिला. पाठ पोते पेलत होती तोवर सगळे हाक मारीत होते; आता पाठ वाकली, तर या माणसाचे काय? महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांचा कायदा झाला, तेव्हा या प्रश्नाला निदान कागदावर तरी उत्तर मिळाले. राबणाऱ्याचे देणे काम संपल्यावरही संपत नाही, हे त्या कायद्याने मान्य केले.

आता कुत्र्याकडे पाहा. मळ्यातली राखण, वाड्याचे दार, अडतीसमोरची पोत्यांची थप्पी. दहा-बारा वर्षे तो रात्रपाळी करतो. त्याचे नाव कोणत्याही मस्टरवर नाही आणि त्याचा फंडही कुठे जमा होत नाही. तो म्हातारा होऊन आजारी पडला म्हणजे त्याचे देणे फेडायला मालकाच्या माणुसकीखेरीज दुसरी जागा नाही. आणि या देण्यात पैशाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा लहान आहे, माहितीचा वाटा मोठा आहे. घाबरलेले घर एक तर कर्ज काढून भलत्याच उपायांवर पैसे उधळते, नाही तर त्या मुक्या जिवाला रात्री गावाबाहेर सोडून येते. दोन्ही गोष्टी अज्ञानापोटी घडतात. म्हणून हा विषय.

संत नामदेवांची नर्सी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ रोजी तो जिल्हा वेगळा झाला, तोवर ती आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. नामदेवांची ती कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. या कथेतून भक्तीचा अर्थ कीर्तनकार सांगतीलच. मला तिच्यातला व्यवहार दिसतो. पोळीने पोट भरते. तूप लागते ते घास सुखाने उतरावा म्हणून. आजारी म्हाताऱ्या जिवाच्या बाबतीतही ही दोन कामे वेगळी आहेत. एक, रोगाशी झुंजणे. दुसरे, उरलेले दिवस सुखाने जातील असे पाहणे. पहिले काम कधी जमते, कधी जमत नाही. दुसरे मात्र जवळजवळ प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे, आणि नेमके तेच आपल्याकडून राहून जाते.

प्रथम रोग समजून घेऊ. शरीर हे असंख्य पेशींचे बनलेले असते. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात आणि हे काम शिस्तीने चाललेले असते. एखाद्या पेशीची शिस्त बिघडली, ती थांबायचे विसरून वाढतच गेली, आपली जागा सोडून रक्तातून वा रसवाहिन्यांतून दुसऱ्या अवयवात जाऊन तिथेही वाढू लागली, म्हणजे त्याला कर्करोग म्हणतात. वय वाढते तसा हा बिघाड होण्याचा संभव वाढतो. हा रोग काही माणसाची मक्तेदारी नव्हे. बैलाच्या शिंगाचा कर्करोग आपल्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. शिंग कलते, नाकातून रक्त येते, बैल मान वाकडी धरतो. कुत्र्यालाही हा रोग होतो. मोठ्या चणीचा कुत्रा सातव्या-आठव्या वर्षी, लहान चणीचा दहाव्या-अकराव्या वर्षी म्हातारा समजावा, आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा त्याच्या अंगावरून सावकाश हात फिरवून गाठ लागते का ते पाहावे.

मात्र प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे, हे मनाशी पक्के ठेवावे. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या कातडीखाली चरबीच्या मऊ, सरकणाऱ्या गाठी पुष्कळदा होतात आणि त्या बहुधा काही त्रास देत नाहीत. उलट, लहानशी दिसणारी कठीण गाठ घातक निघू शकते. नुसत्या डोळ्यांनी वा बोटांनी याचा निवाडा ना मालकाला करता येतो, ना डॉक्टरला. त्यासाठी बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी काही मिनिटांची असते, बहुतेकदा भूल लागत नाही. सुईने उलगडा झाला नाही तर गाठीचा तुकडा काढून तपासतात. रोग छातीत पसरला की नाही हे क्ष-किरण चित्रावरून कळते. निदानाआधी औषध सुरू करण्याची घाई करू नये.

आपल्या सुदैवाने त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ सालापासून आहे. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते. जिथे विद्यार्थ्यांना शिकवले जाते तिथे चिकित्सालयही असते, आणि ते फक्त गाई-म्हशींसाठी असते असा समज करून घेऊ नये. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून जनावरांची सेवा करीत आले आहे, आणि महालक्ष्मीला टाटा न्यासांनी लहान प्राण्यांसाठी उभारलेले मोठे रुग्णालय २०२४ साली सुरू झाले. तथापि म्हाताऱ्या, दुखणाईत कुत्र्याला एवढा प्रवास घडवण्याआधी जवळच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कर्करोग हे एका रोगाचे नाव नसून अनेकांचे आहे, आणि प्रत्येकाची गोष्ट निराळी. आपल्याकडे वारंवार दिसणारे तीन प्रकार सांगतो.

पहिला संसर्गजन्य. कुत्र्याच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी मांसल, सहज रक्त येणारी गाठ होते. मालकाला वाटते लघवीतून रक्त जाते. या रोगात एका कुत्र्याच्या कर्कपेशीच समागमाने, चाटण्या-हुंगण्याने दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर जाऊन रुजतात. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा जगभरच्या कुत्र्यांतील ही गाठ हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींपासून चालत आल्याचे आढळले. माणसाला ती लागत नाही. आणि आनंदाची गोष्ट अशी की हा रोग बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. विन्क्रिस्टिन नावाचे औषध आठवड्यातून एकदा शिरेतून देतात. साधारण चार ते आठ आठवड्यांत गाठ विरून जाते. हे औषध कशापासून निघाले ठाऊक आहे? आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून. मूळ मादागास्कर बेटाची ही वनस्पती. तिच्यातले हे द्रव्य अमेरिकेत वेगळे काढण्यात आले आणि १९६३ साली तिथे ते माणसांसाठी मंजूर झाले. पण म्हणून कोणी सदाफुलीचा पाला वाटून कुत्र्याला पाजू नये. तो विषारी आहे. हे औषध इतके जहाल की शिरेबाहेर सांडले तर आजूबाजूचे मांस सडते. ते डॉक्टरांच्याच हातचे काम.

दुसरा प्रकार कुत्रीच्या स्तनांचा. सडाजवळ हरभऱ्याएवढी गाठ लागते, पुढे सुपारीएवढी होते. ढोबळमानाने यांतल्या निम्म्या गाठी सौम्य आणि निम्म्या घातक निघतात. लहान असताना शस्त्रक्रियेने काढली तर पुष्कळ कुत्र्या पुढे चांगल्या जगतात. वाट पाहत बसले तर गाठ फुटते, चिघळते आणि रोग फुप्फुसांत उतरतो. येथे एक गोष्ट तरुण कुत्री पाळणाऱ्यांसाठी. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत असे दिसले की पहिल्या माजापूर्वी गर्भाशय काढलेल्या कुत्र्यांना या रोगाचा धोका इतरांच्या मानाने शेकडा अर्ध्यावर येतो, पहिल्या माजानंतर काढल्यास शेकडा आठ, दुसऱ्यानंतर शेकडा सव्वीस. पुढच्या संशोधकांनी या आकड्यांवर वाद घातला आहे. तरी लवकर शस्त्रक्रिया केल्यास धोका घटतो हेच सर्वसाधारण मत आहे.

तिसरा रसग्रंथींचा. जबड्याखाली, खांद्यापुढे, मागच्या गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना गाठी सुजतात. दुखत मात्र नाहीत. उपचार न केल्यास कुत्रा बहुधा महिना-दोन महिने काढतो. अनेक औषधे मिळून उपचार केले तर पुष्कळांना वर्षभराच्या आसपास बरे आयुष्य लाभते, पण रोग समूळ जाणे विरळा. यातही सदाफुलीचे तेच औषध वापरतात. एक सावधगिरी महत्त्वाची: निदान होण्याआधी कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू नयेत. सूज चार दिवस उतरते, घर खुश होते आणि पुढच्या औषधांचा गुण मात्र कमी येतो.

कुत्र्याला या औषधांनी माणसाइतका त्रास होतो का, असे पुष्कळ जण विचारतात. त्याला मात्रा बेताची देतात, कारण हेतू उरलेले दिवस चांगले जावेत हा असतो. केस सहसा गळत नाहीत. ओकारी, जुलाब, मंदावलेली भूक दोन-चार दिवस दिसू शकते. ताप आला तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. औषधानंतर काही दिवस त्याची लघवी-विष्ठा हातमोजे घालून उचलावी. गरोदर बाई व लेकरे यांना त्यापासून दूर ठेवावे.

आता पैशाचा प्रश्न. ज्याच्या घरी महिनाअखेर डबे रिकामे होतात त्याला "सर्व काही करा" असे सांगणे क्रूरपणाचे आहे. वाटाघाटीला बसताना आम्ही कामगारांना सांगतो की आधी सगळे कलम समजून घ्या, मग सही करा. येथेही डॉक्टरांना तीन प्रश्न सरळ विचारावेत. रोग नेमका कोणता आणि कुठवर पसरला आहे? उपचार केले तर किती खर्च, किती खेपा आणि किती दिवसांची आशा? काहीच केले नाही, फक्त वेदना आवरली, तर पुढे काय काय होईल? हा तिसरा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नये. रोग पसरलेल्या बारा वर्षांच्या कुत्र्याची शस्त्रक्रिया न करणे हा कंजूषपणा नव्हे. त्याला दुखते आहे हे माहीत असून साधे वेदनाशामक न देणे, हा मात्र अन्याय आहे.

वेदना ओळखावी कशी? कुत्रा विव्हळत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असे समजू नये. तो दुखणे लपवतो. विसाव्यातही धापा टाकणे, एकच जागा चाटत राहणे, रात्री जागा बदलत फिरणे, कोपऱ्यात लपणे, हात लावताच एरवीच्या गरीब कुत्र्याने गुरगुरणे, आवडीच्या माणसाच्या चाहुलीलाही न उठणे, ही त्याची तक्रार आहे. त्यावर औषध आहे, पण आपल्या घरातल्या गोळ्या त्याला देऊ नयेत. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो, यकृत वा मूत्रपिंड निकामी होऊ शकते. डायक्लोफिनॅकचे तर असे, की ते दिलेली मेलेली जनावरे खाऊन आपली गिधाडे नाहीशी झाली आणि २००६ साली सरकारला जनावरांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. कुत्र्यासाठी मेलॉक्सिकॅमसारखी औषधे आहेत. मात्रा त्याच्या वजनावर डॉक्टर ठरवतात, आणि दुखणे वाढले तर त्याहून जोरकस औषधेही देतात.

घरची सुश्रूषा बिनखर्चाची आहे. शहाबादी फरशीवर म्हाताऱ्याचे पाय घसरतात; जुनी तरटे अंथरावीत. गोधडीची जाड घडी घालून अंथरूण करावे आणि उठता येत नसेल तर दर तीन-चार तासांनी कूस बदलावी, नाही तर हाडांवर व्रण पडतात. आपल्याकडे वैशाखात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. सावली, ओले पोते आणि तोंडाजवळ पाण्याचे भांडे हवे. अन्न थोडे थोडे, कोमट, दिवसातून चार वेळा: मऊ भात, उकडलेले अंडे, कोंबडीचा बिनहाडाचा तुकडा. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट देऊ नयेत. ती कुत्र्याला बाधतात. गाठ फुटली असेल तर उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने झाकावी. माशा बसू देऊ नयेत. एक दिवस दुर्लक्ष झाले तरी जखमेत अळ्या पडतात, आणि मग घरगुती औषध न ओतता डॉक्टरांना गाठावे.

हे सगळे एका घराला झेपत नसेल तर काय करावे, याचे उत्तर मी आमच्या हमालांकडून शिकलो. संघटनेच्या कार्यालयाच्या ओट्यावर एक कुत्री अकरा वर्षे राहिली. मालक कोणीच नव्हता, म्हणून सगळेच होते. तिच्या सडाजवळची गाठ डॉक्टरांनी तपासली, छातीचे चित्र काढले. रोग फुप्फुसांत उतरलेला होता. शस्त्रक्रियेत अर्थ नाही, वेदना आवरू, असे त्यांनी सांगितले. दर शनिवारी पगाराच्या वेळी दहा-दहा रुपयांची वर्गणी सुरू झाली. पाळ्या लागल्या: सकाळचे औषध एकाकडे, दुपारचे पाणी दुसऱ्याकडे, रात्रीचे अंथरूण पहारेकऱ्याकडे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एक खूण करायची, दिवस बरा गेला तर गोल, वाईट गेला तर फुली. सात आठवडे गोल जास्त होते. ती उन्हात पडून राही, पोती उतरवणाऱ्यांकडे बघून शेपटी हलवी. आठव्या आठवड्यात सलग पाच फुल्या पडल्या. कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही. डॉक्टरांना बोलावले. सुरुवातीला "कुत्रीसाठी वर्गणी कसली?" म्हणून ज्याने वाद घातला होता, त्याच हमालाने शेवटी तिचे डोके मांडीवर घेतले होते.

ही खुणांची रीत शास्त्राला धरून आहे. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्य बाईंनी २००४ साली सात गोष्टींची एक मोजपट्टी मांडली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणे-फिरणे, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर सांभाळ पुढे चालवण्याजोगा मानावा. तिचा मोठा उपयोग असा की घरातली मायाळू माणसे आणि कंटाळलेली माणसे, दोघांनाही आकड्यांपुढे एकत्र बसावे लागते.

शेवटच्या सुईविषयी मतभेद आहेत, आणि ते मी मानतो. कोणी म्हणेल, आयुष्याची दोरी आपण का कापावी? त्यांच्या श्रद्धेचा अवमान करण्याचे मला कारण नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी १९५०च्या दशकात विधेयक मांडले होते. असह्य यातनेतील जनावराला वेदनेविना मुक्त करण्यास हा कायदा जागा ठेवतो. पण उपाशी-तहानलेले मरेल अशा जागी पाळीव जनावर सोडून देणे हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. सुई देताना आधी गुंगीचे औषध देतात. कुत्रा झोपतो, मग भुलेच्या औषधाची जादा मात्रा दिली जाते आणि श्वास थांबतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी सुई देऊ नये. पण मग अखेरपर्यंत वेदनाशामक आणि पाणी यांत खंड पडू देऊ नये. श्रद्धा सांभाळण्याची किंमत त्या मुक्या जिवाकडून वसूल करता येणार नाही. मृत्यूनंतर त्याला नदीत न टाकता खोल खड्ड्यात पुरावे. सुई दिली असेल तर औषधाचा अंश त्याच्या शरीरात राहतो आणि ते उकरून खाणाऱ्या प्राण्यालाही मारतो.

राहता राहिला माणसे आधी की कुत्रे आधी हा प्रश्न. माझा अनुभव असा की म्हाताऱ्या कुत्र्यासाठी ज्या ओट्यावर पाळ्या लागतात, त्याच ओट्यावर म्हाताऱ्या हमालासाठीही माणूस उठून जातो. ज्याच्याकडून आता काही मिळायचे उरलेले नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, याची सवय लहान जिवांपासूनच लागते. तेव्हा घरी गेल्यावर आपल्या दारातल्या म्हाताऱ्या राखणदाराच्या अंगावरून एकदा हात फिरवून पाहा. गाठ लागली तर घाबरू नका, लपवू नका, वाट पाहू नका. पहिल्या आठवड्यातच त्याला दाखवून आणा.